सरासरी भरते, कणगी भरत नाही

महिना संपला की हवामान खात्याचे आकडे प्रसिद्ध होतात: अमुक विभागात पाऊस सरासरीहून इतके टक्के अधिक, तमुक विभागात इतके टक्के उणा. ही तफावत १९ टक्क्यांच्या आत असली की ‘सामान्य’ असा शेरा पडतो आणि वृत्तपत्राचा वाचक निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत सयुक्तिक आहे?

२०२३ चा पावसाळा पाहावा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. म्हणजे तूट अवघी सहा टक्के. परंतु महिनेवार हिशेब मांडला की चित्र पालटते. जुलैत १३ टक्के अधिक, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के अधिक. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला नव्हता. त्यात तापमानही सरासरीहून चढेच राहिले. जुलैची शिल्लक ऑगस्टच्या खात्यावर वळती करणे अंकगणितात शक्य असते, शेतात नव्हे. फुलोऱ्यातील सोयाबीनला ऑगस्टमध्ये नाकारलेले पाणी सप्टेंबरने व्याजासह दिले, तरी गळालेली फुले पुन्हा झाडावर चढत नाहीत. त्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र शासनाला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

जे काळाचे तेच स्थळाचे. हवामान खात्याच्या लेखी महाराष्ट्राचे उपविभाग चारच: गोव्यासह कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वर येते, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुकाही येतो. एकाचा वार्षिक पाऊस पाच हजार मिलिमीटरांहून अधिक, दुसऱ्याचा त्याच्या दशांशाच्या आसपास. दोघांना एका सरासरीत बसविले की माणची तहान दिसेनाशी होते.

सरासरी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. मापाशिवाय तूट कळणार कशी? परंतु दुष्काळ, पीकविमा आणि कर्जवसुली यांचे निर्णय घेताना दोन पावसांमधील खंड किती दिवसांचा व तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला, हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. पर्जन्याची नोंद महसूल मंडळाच्या पातळीवर होते. तेव्हा माहिती नाही, ही सबब चालणार नाही.

आम्हां शिक्षकांना हा धडा नवा नाही. वर्गाची सरासरी चांगली लागली, म्हणून नापास झालेला विद्यार्थी उत्तीर्ण होत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाची फी थकते, तीही विभागाच्या टक्केवारीमुळे नव्हे. त्याच्या बापाच्या शेतात जे तीन आठवडे पाऊस पडला नाही, त्यांमुळे.