औद्योगिक परिषद-व्यवसाय

एखाद्या उद्योगातील उत्पादक, व्यापारी, वित्तपुरवठादार व तज्ञ यांना ठराविक दिवशी एकत्र आणून चर्चासत्रे, व्याख्याने व प्रदर्शने भरविण्याचा व्यवसाय. प्रतिनिधींचे प्रवेशशुल्क, प्रदर्शनातील गाळ्यांचे भाडे व प्रायोजकांकडून मिळणारी रक्कम हे त्याच्या उत्पन्नाचे तीन प्रमुख मार्ग होत.

दक्षिण मुंबईत हा व्यवहार वाणिज्य मंडळांच्या आश्रयाने वाढला. बाँबे चेंबर ऑफ कॉमर्स (१८३६) व इंडियन मर्चंट्‌स चेंबर (१९०७) यांच्याकडे सदस्यांची आयती यादी होती. बँका व कंपन्यांच्या कचेऱ्याही फोर्ट भागात होत्या. मध्य मुंबईत १९८२ च्या संपानंतर अनेक कापड गिरण्या बंद पडल्या आणि पुढे त्यांच्या जमिनींचा पुनर्विकास झाला. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात दुकानांबरोबर पंचतारांकित हॉटेलही उभे राहिले. अशा हॉटेलांतील सभागृहे परिषदांना उपलब्ध झाली.

खर्चाची रचना हे या व्यवसायाचे मर्म होय. सभागृह, प्रसिद्धी, वक्त्यांचा प्रवास व कर्मचारी यांवरील खर्च बहुतांशी स्थिर असून तो आधीच करावा लागतो. भोजन व साहित्य यांचा खर्च मात्र उपस्थितीनुसार बदलतो. उदाहरणार्थ, स्थिर खर्च ४० लक्ष रु., प्रवेशशुल्क १२,००० रु. व दरडोई खर्च ४,००० रु. मानल्यास प्रत्येक प्रतिनिधीमागे ८,००० रु. उरतात, म्हणजे ना-नफा-ना-तोटा बिंदू ५०० प्रतिनिधींवर येतो. प्रायोजकांनी १६ लक्ष रु. दिल्यास तो ३०० वर उतरतो. मग ४०० प्रतिनिधी आल्यास ८ लक्ष रु. नफा, तर २५० च आल्यास ४ लक्ष रु. तोटा होतो. रिकामी राहिलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून लवकर नोंदणी करणाऱ्यास शुल्कात सवलत देतात. त्यामुळे खेळते भांडवलही हाती येते.

जागा व तारीख यांवरील अवलंबित्व हा मोठा धोका असतो. गिरगावजवळील ऑपेरा हाउस व झवेरी बाजार ही हिरे-दागिन्यांच्या व्यापाराची जुनी केंद्रे. या व्यवसायाच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेचे (स्थापना १९६६) मुंबईत भरणारे वार्षिक प्रदर्शन २०२० मध्ये करोना साथीमुळे दूरसंवाद माध्यमातून घ्यावे लागले. २०२१ मध्ये ते बंगळुरूस हलविले गेले व २०२२ मध्ये मुंबईत परतले. पेढ्यांचे मालक व ग्राहक टिकून असल्यामुळेच हे पुनरागमन शक्य झाले.

यावरून या व्यवसायाची खरी मत्ता स्पष्ट होते. सभागृह भाड्याने मिळते, वक्तेही मिळतात; परंतु योग्य माणसे भेटतील हा विश्वास वर्षानुवर्षे जपावा लागतो. प्रायोजकांना व्यासपीठ विकून चर्चेचा दर्जा घसरला, की प्रथम जाणते प्रतिनिधी येईनासे होतात आणि त्यांच्यापाठोपाठ प्रायोजकही. नफ्याचा हिशेब त्यामुळे एका परिषदेपुरता न करता अनेक वर्षांच्या मिळून करावा लागतो.