ट्रॉम्बे परिसरातील ‘मॉर्मन’ फुलपाखरू : रूप, प्रसार आणि जीवनक्रम

ट्रॉम्बेच्या डोंगराखालच्या वसाहतींत ज्या अंगणात कढीलिंबाचे किंवा कागदी लिंबाचे झाड आहे, तेथे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत एक मोठे काळे फुलपाखरू हटकून दिसते. त्याच्या मागच्या पंखांस शेपटीसारखे टोक असते. इंग्रजीत त्यास ‘कॉमन मॉर्मन’ व शास्त्रीय परिभाषेत ‘पॅपिलिओ पॉलिटेस’ म्हणतात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य-फुलपाखरू म्हणून मान्य केलेल्या ‘ब्लू मॉर्मन’चे, म्हणजे राणी पाकोळीचे, हे सगोत्र. भाषाभ्यासकाने कीटकाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु भिन्न दिसणाऱ्या गोष्टी एकाच घटकाची रूपे केव्हा मानावयाच्या, हा जो आमच्या शास्त्रातील नित्याचा प्रश्न, त्याचे इतके बोलके उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

नर ओळखण्यास सोपा आहे. पंखांचा विस्तार सुमारे 90 ते 100 मिलिमीटर, रंग काळा, मागच्या पंखांवरून पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ गेलेली. मादीची गोष्ट मात्र निराळी. तिची आपल्याकडे तीन रूपे आढळतात. ‘सायरस’ हे रूप जवळजवळ नरासारखेच असते. ‘स्टिकियस’ या रूपाच्या मागच्या पंखांवर मध्यभागी पांढरा डाग व कडेला तांबडे ठिपके असून ते ‘कॉमन रोझ’ या दुसऱ्याच फुलपाखरासारखे दिसते. ‘रोम्युलस’ हे रूप पुढच्या पंखांवरील पांढरे पट्टे व मागच्या पंखांवरील तांबडे ठिपके यांमुळे ‘क्रिमझन रोझ’ची आठवण करून देते. फरक एकच व तो निश्चित आहे : दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरांचे शरीर तांबडे असते, मॉर्मन मादीचे काळे.

नामकरणाचा इतिहास या रूपभेदामुळेच गुंतागुंतीचा झाला. लिनीअसने 1758 साली ‘पॉलिटेस’ व ‘पॅमोन’ अशी दोन नावे दिली. ती दोन्ही या एकाच जातीची ठरली. पुढे क्रेमरने रोम्युलस रूपासही स्वतंत्र जातीचे नाव दिले. म्हणजे नाव दिले गेले ते रूपाला, जातीला नव्हे. वॉलेसने 1865 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या भिन्न माद्या एकाच जातीच्या असल्याचे प्रतिपादन केले, आणि फ्रायरने श्रीलंकेत वंशावळीनुसार पैदास करून 1913 साली हा रूपभेद आनुवंशिक असल्याचे दाखविले. ‘मॉर्मन’ हे नाव या शोधाचाच एक विनोदी अवशेष होय. त्या नावाच्या अमेरिकी पंथात 1890 पर्यंत बहुपत्नीत्वाची चाल होती, आणि या नराला तीन तऱ्हेच्या बायका! आपल्याकडील बहुरूपी या शब्दाने तेच काम अधिक चांगले झाले असते, असे माझे मत आहे. कारण सोंग घेणारी येथे मादी आहे, नराच्या गृहस्थीशी त्याचा संबंध नाही.

तीन रूपांस एका स्वनिमाची स्वनांतरे म्हणण्याचा मोह होतो. पण ही उपमा फार ताणता येत नाही. स्वनांतर परिसरानुसार ठरते. येथे रूप जन्मतःच ठरलेले असते. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिले की या भेदाचे मूळ ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकात आहे. हा जनुक एरवी नर-मादी भेद घडवितो. गुणसूत्राचा तो भाग उलटा फिरलेला असल्याने त्यातील बदल पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात. नराकडेही हा जनुक असतो, परंतु त्याच्या पंखांवर सोंग उमटत नाही.

सोंगाचे प्रयोजन उघड आहे. रोझ फुलपाखरांच्या अळ्या सापसंदाच्या वर्गातील वेली खातात. त्या वेलींतील विषारी द्रव्य प्रौढ फुलपाखरातही उतरते, म्हणून पक्षी त्यांस टाळतात. मॉर्मन मादी स्वतः निर्विष असून त्या भीतीचा लाभ घेते. यामुळेच प्रसाराचा प्रश्न जातीपुरता सोडवून भागत नाही, रूपांचा निराळा विचार करावा लागतो. जाती पाकिस्तान, भारत व श्रीलंकेपासून चीन, जपानची दक्षिणेकडील बेटे, इंडोनेशिया व फिलिपाइन्सपर्यंत पसरली आहे. रोम्युलस रूप मात्र जेथे क्रिमझन रोझ आहे तेथेच, म्हणजे मुख्यतः द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका येथे, आढळते.

जीवनक्रमात या भेदाचा मागमूसही नसतो. मादी लिंबाच्या कुळातील झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळे, गोल अंडे घालते. काही दिवसांत निघणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. चार वेळा कात टाकून ती हिरवी होते. डिवचल्यास मस्तकामागून तांबूस, द्विशाख अवयव बाहेर काढून उग्र दर्प सोडते. कोष शेपटाकडून चिकटलेला व कमरेस रेशमी धाग्याने तोललेला असतो, आणि परिसरानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. स्वनांतराची उपमा खरी शोभते ती येथे.

कढीलिंब लोक हौसेने लावतात, तेव्हा शहर वाढले तरी मॉर्मनला अन्न कमी पडत नाही. सापसंदाची वेल कोणी कुंडीत लावीत नाही. ती डोंगरउतारावरील झुडपांबरोबर तुटते. भीती निर्माण करणारे मूळ फुलपाखरू विरळ झाले तर सोंगाची किंमत उतरेल, आणि सोंग न घेणाऱ्या सायरस मादीचे प्रमाण वाढावे, अशी अपेक्षा धरता येते. ट्रॉम्बेच्या उतारावर तिन्ही रूपांची दर पावसाळ्यात मोजदाद ठेवल्यास ती पडताळता येईल. त्यासाठी माद्यांबरोबर दोन्ही रोझ फुलपाखरेही मोजावी लागतील, आणि प्रत्येक वेळी नजर पंखांऐवजी शरीराच्या रंगावर ठेवावी लागेल.