कचऱ्याच्या दोन पिशव्या ट्रेकमध्ये तुमचा जीव कसा वाचवू शकतात?

जुलैचा शनिवार. गडावर दाट धुकं, उतरायची वाट सापडत नाही, मोबाइलला रेंज नाही आणि तासाभरात अंधार पडणार. रेनकोट केव्हाच आतून ओला झालाय. अशा वेळी सॅकमध्ये तंबू नसतो. पण खिशात मावणारा निवारा असू शकतो, आणि तो बनवायला लागणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या घरातच आहेत.

सह्याद्रीत एवढी थंडी कुठे असते?

अनेकांना वाटतं की थंडीने जीव जातो तो फक्त हिमालयात. पण शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि १०-१५ अंश तापमान एवढं पुरतं.

उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला साधारण ६ अंशांनी उतरतं. कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. त्यात पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. म्हणजे खरा शत्रू थंडी एकटी नाही, तर पाऊस, वारा आणि खालचा ओला दगड हे तिघं मिळून आहेत.

काय काय लागेल?

- कचऱ्याच्या दोन सर्वांत मोठ्या, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या (साधारण ३० × ५० इंच). कंपोस्टेबल पिशव्या नकोत, त्या पटकन फाटतात.
- जुनी वर्तमानपत्रं, छोट्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करून
- पेनाला गुंडाळलेली हातभर रुंद चिकटपट्टी
- एक शिट्टी

पिशव्यांतली हवा काढा, घट्ट गुंडाळी करा आणि रबरबँड लावा. सगळं मिळून जेवणाच्या छोट्या डब्याएवढं होतं. पर्याय असेल तर भडक रंगाच्या पिशव्या घ्या, शोधणाऱ्यांना त्या लांबून दिसतात.

निवारा कसा करायचा?

१. एका पिशवीच्या बंद बाजूच्या कोपऱ्यापासून वीतभर खाली, कडेला चेहऱ्याएवढं भोक पाडा. हे घरीच करून ठेवा. भोक थोडं लहानच ठेवा, प्लॅस्टिक ताणलं जातं. कडा चिकटपट्टीने मजबूत करा.

२. जागा निवडा. ओढा, दरडीचा पायथा, उघडा माथा आणि एकटं झाड टाळा. अंधार पडायच्या आधीच थांबा.

३. कोरडे कपडे असतील तर बदला. वर्तमानपत्रं चुरगाळून शर्ट आणि जॅकेटच्या मध्ये भरा. त्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते.

४. सॅक जमिनीवर ठेवून तिच्यावर बसा. थेट दगडावर बसू नका.

५. दुसऱ्या पिशवीत पाय घालून ती कमरेपर्यंत ओढा. भोक पाडलेली पिशवी डोक्यावरून घाला. वरची पिशवी खालच्या पिशवीच्या बाहेर यायला हवी, कौलं एकावर एक असतात तशी. म्हणजे पाणी आत न जाता ओघळून जातं.

६. गुडघे छातीशी घ्या, हात काखेत घाला. ग्रुप असेल तर एकमेकांना चिकटून बसा.

ही कल्पना नवी नाही. भातलावणीत, गुरांमागे पावसात उभे राहणारे शेतकरी खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करतात. तत्त्व तेच आहे: पाणी आणि वारा अंगापासून दूर ठेवायचा.

हे विसरू नका

- चेहरा कायम उघडा हवा. डोकं पिशवीत पूर्ण बंद करून झोपू नका. लहान मुलांसाठी हा उपाय वापरू नका, त्यांना गुदमरण्याचा धोका असतो.
- आत स्टोव्ह, मेणबत्ती किंवा सिगारेट पेटवू नका.
- घामाने आतून ओल येईल. मधूनमधून थोडी हवा खेळू द्या.
- ‘थोडी घेतली की ऊब येते’ हा गैरसमज आहे. दारूमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर आणखी लवकर गार पडतं.
- बोलणं अडखळायला लागलं, बोटं ऐकेनाशी झाली, तर ती धोक्याची घंटा आहे. ओल्या अंगाची थरथर अचानक थांबणं हे बरं वाटल्याचं लक्षण नाही, प्रकृती बिघडत असल्याचं असू शकतं.

मदत कशी मागायची?

एका मिनिटात ६ वेळा शिट्टी वाजवा, मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. डोंगरातला हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. टॉर्चनेही तसंच करता येतं. उत्तर म्हणून मिनिटाला ३ इशारे येतात. रेंज मिळताच ११२ वर फोन करा. लोकेशन पाठवलं की तिथून हलू नका.

मर्यादा काय?

या पिशव्या वीज, दरड किंवा ओढ्याचा लोंढा अडवू शकत नाहीत. त्या फक्त सकाळपर्यंतचा वेळ मिळवून देतात. म्हणून कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगूनच निघा.

आणि हो, पहिला प्रयोग गडावर करू नका. आज रात्री बाथरूममध्ये शॉवर सुरू करून पिशव्या घालून बसून बघा. पाणी कुठून आत येतं, ते घरीच कळलेलं बरं!