बागेतील देखणी पण विषारी झाडे

चैत्राची चाहूल लागली की झाडांना नवी पालवी फुटते, पांगारा लालभडक होतो, आणि परीक्षा आटोपल्या की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. मुंबईला नातेवाइकांकडे गेलो की भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्याला गेलो की एम्प्रेस गार्डन हा आपल्याकडच्या कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम असतो. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, बहुतेक मंडळी वाघ, माकडे आणि पेंग्विन बघून परततात. पण ती मुळात वनस्पतींची बाग आहे. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुले आणि तोफगोळ्याएवढी फळे येणारा कैलासपती, लोंबत्या लाल फुलांची उर्वशी ही झाडे तिथे पाहायला मिळतात. झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. त्या वाचायला मात्र कोणी थांबत नाही.

आरोग्याच्या सदरात बागेचे वर्णन कशासाठी, असे आपण विचाराल. कारण असे की मुलांच्या तोंडात जाणाऱ्या विषारी बिया, पाने आणि फळे बहुतेक वेळा जंगलातली नसतात. ती अंगणातली, शाळेच्या कुंपणाची, रस्त्याच्या कडेची आणि बागेतली असतात. महाराष्ट्रात शाळेच्या आवारातल्या बिया खाऊन मुलांना रुग्णालयात हलवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अनेकदा येतात. झाड वाईट नसते. त्याची ओळख नसणे वाईट. आणि ओळख करून देण्यास वनस्पती उद्यानासारखी दुसरी जागा नाही.

वनस्पती उद्यानांचा जन्मच मुळी वैद्यकातून झाला आहे. इटलीतील पादुआ विद्यापीठाने १५४५ साली औषधी वनस्पतींची बाग उभारली, ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना खरी औषधी कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पती कोणती हे प्रत्यक्ष पाहून कळावे म्हणून. आपल्या गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात धोतऱ्याच्या विषबाधेची हकीकत दिली आहे. म्हणजे हा विषय चारशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यातली झाडे आजही आपल्या दारात उभी आहेत. त्यांतल्या काहींची आज ओळख करून घेऊ.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर

कण्हेर म्हटले की दोन वेगळी झाडे डोळ्यांपुढे येतात. लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची कण्हेर हे एक. तिची लांब, चिवट पाने फांदीवर बहुधा तीन-तीनच्या झुपक्याने येतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून महामार्गाच्या दुभाजकावर ती मुद्दाम लावतात. दुसरी पिवळी कण्हेर, जिला अनेक ठिकाणी बिट्टी म्हणतात. तिला घंटेसारखी पिवळी फुले आणि हिरवी, पिकल्यावर काळी पडणारी फळे येतात. आतल्या कडक बिट्ट्या घेऊन मुले खेळतात.

दोन्ही झाडांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. बिट्टीच्या बीमध्ये ते अधिक. पाने वाळवली किंवा उकळली तरी ते नष्ट होत नाही, म्हणून कण्हेरीचा घरगुती काढा कोणत्याही दुखण्यावर घेऊ नये. आधी मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, मग चक्कर, नाडी मंद होणे किंवा ठोके चुकणे अशी लक्षणे दिसतात. सुरुवातीला रोगी बरा वाटला तरी काही तासांनी एकदम बिघडू शकतो. म्हणून एक-दोन उलट्या होऊन मूल खेळू लागले तरी त्याला रुग्णालयात किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते. हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

केरळमध्ये कण्हेरीला अरळी म्हणतात. तिथे २०२४ साली एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेरीची पाने चघळणे हे कारण असावे असा संशय व्यक्त झाला, आणि त्यानंतर त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांत नैवेद्य-प्रसादात ही फुले वापरण्यास मनाई केली. आपल्याकडेही कण्हेरीची फुले देवाला वाहतात. वाहायला हरकत नाही, पण ती नैवेद्याच्या ताटात किंवा तीर्थाच्या भांड्यात टाकू नयेत, आणि फुले तोडल्यावर हात धुवावेत.

मोगली एरंड आणि एरंड

मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, कुंपणाला सर्रास लावतात. शाळकरी मुलांच्या सामुदायिक विषबाधेत बहुतेकदा हेच झाड सापडते. याचे कारण साधे आहे. त्याच्या बियांचा गर पांढरा असतो आणि चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. एकाने खाल्ला की दहा जण खातात. अर्ध्या तासापासून काही तासांत उलट्या, पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात, मुले मलूल पडतात. शरीरातले पाणी कमी होणे हा यातला मुख्य धोका. वेळेवर जलसंजीवनी किंवा सलाइन मिळाले तर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत खडखडीत बरी होतात.

साधा एरंड याहून अधिक घातक. त्याची चित्रविचित्र नक्षीची गुळगुळीत बी मुलांना फार आवडते. बी चावली गेली तर आतले विष पोटात उतरते. मग एरंडेल कसे चालते, अशी शंका काहींना येईल. हे विष तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहते, आणि तेल काढताना दिलेल्या उष्णतेने निकामी होते. म्हणून औषधी एरंडेल वेगळे आणि बी चघळणे वेगळे.

गुंज

अर्धी लाल आणि टोकाला काळी अशी गुंज आजीच्या डबीत सापडते. सोनार पूर्वी तिने सोने तोलत. ९६ गुंजांचा एक तोळा. हिचे कवच फार टणक असते. म्हणून अख्खी गिळलेली गुंज बहुधा तशीच शौचावाटे पडून जाते. पण चावलेली, फुटलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज जीव घेऊ शकते. लहान मुलाच्या गळ्यात किंवा मनगटात गुंजांची माळ बांधू नये. गुंज गिळली असे कळले तर ती अख्खी गिळली की चावली हा अंदाज घरी करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

धोतरा

महाशिवरात्रीला धोतऱ्याची काटेरी फळे घरात येतात आणि नंतर निर्माल्यात पडून राहतात. फळ वाळून फुटले की बिया सांडतात. त्या दिसायला मिरचीच्या बियांसारख्या. मुलाच्या तोंडात गेल्या तर तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, अंग तापते, बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सहन होत नाही आणि लघवी अडते. मूल बरळू लागते, समोर नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहते, घरच्यांना ओळखत नाही.

हे चित्र पाहून घरातली मोठी माणसे घाबरतात. बाहेरची बाधा झाली असे समजून मुलाला देवऋषीकडे नेले जाते, आणि मोलाचे दोन-तीन तास जातात. धडधाकट मूल अचानक बरळू लागले तर आधी अंगणात आणि निर्माल्यात काय पडले आहे ते पाहावे आणि सरळ रुग्णालय गाठावे.

अळूचे भाऊबंद

पांढरट ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबेकिया हे झाड हल्ली दिवाणखान्यात, बँकेत, दवाखान्यात कुंडीतून दिसते. अळू नीट शिजले नाही तर घशाला खाजते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्याचे कारण पानातील सुईसारखे बारीक स्फटिक. तेच स्फटिक या झाडात भरपूर असतात. रांगते मूल पान चावते आणि लगेच रडू लागते. ओठ, जीभ सुजतात, लाळ गळते. तोंड पाण्याने पुसून धुवावे, थंड पाणी किंवा थंड दूध थोडे थोडे द्यावे. सूज वाढून गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर मात्र क्षणाचाही उशीर करू नये.

चीक आणि डोळे

रुई, शेर, निवडुंग यांचा पांढरा चीक डोळ्यांचा शत्रू आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना चीक बोटांना लागतो आणि तोच हात डोळ्याला जातो. शेराच्या चिकाने डोळ्याची प्रचंड आग होते, त्यामुळे रोगी धावत येतो. रुईच्या चिकाचे तसे नाही. कधी कधी डोळा दुखत नाही, फक्त धूसर दिसू लागते, आणि म्हणून दुर्लक्ष होते. चीक कोणताही असो, पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि दुखत नसला तरी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. घरात पडलेले जुने थेंब किंवा मध घालू नये.

विषबाधा झाल्यास काय करावे?

१. तोंडात राहिलेले तुकडे बोटाने काढावेत. मूल शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावावी.

२. उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे तर फारच धोक्याचे. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण वाढून मूल दगावू शकते. पूर्वी उलटीचे औषध घरात ठेवण्याचा सल्ला पाश्चात्त्य देशांतही देत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ साली तो मागे घेतला.

३. तूप, लिंबू किंवा चुलीतला कोळसा देऊ नये. रुग्णालयात देतात तो कोळसा खास तयार केलेला असतो आणि तो कधी द्यायचा हे डॉक्टर ठरवतात.

४. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

५. झाडाची फांदी, पान, फळ, उरलेल्या बिया पिशवीत घालून सोबत न्याव्यात. किती वाजता आणि साधारण किती खाल्ले ते सांगावे. बरोबरच्या मुलांनीही खाल्ले का, हे न रागावता विचारावे. मार बसेल या भीतीने मुले लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

६. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालू आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८०० ११६ ११७ असा आहे. मात्र फोन लागेपर्यंत थांबू नये. मुलाला घेऊन निघावे आणि वाटेत फोन करावा.

नाव का महत्त्वाचे?

एकाच झाडाला गावोगावी निराळे नाव असते आणि एकच नाव दोन झाडांना असते. “एरंड खाल्ला” असे पालक सांगतात तेव्हा तो साधा की मोगली, हे डॉक्टरांना कळत नाही. कण्हेरीचेही तसेच. बागेतल्या पाटीवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव असते ते याचसाठी. ते जगभर एकच असते. या सुटीत मुलांना एक वही द्या. पाटी वाचून झाडाचे नाव लिहायला, पानाचे चित्र काढायला सांगा. मोबाइल असेल तर पाटी आणि पान यांचे छायाचित्र घ्या. घरी आल्यावर आपल्या अंगणातली, शाळेच्या कुंपणाची झाडे त्या वहीत नोंदवा. ज्यांचे नाव कळत नाही ती शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.

बागेत असताना तीन नियम पुरेसे आहेत. घरून आणलेला डबा सोडून काहीही तोंडात घालायचे नाही. पान, फूल, शेंग तोडायची नाही. आणि डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे. तीन वर्षांखालील मुलाचा हात सोडू नये, कारण त्या वयात हाती येईल ते तोंडात जाते. कैलासपतीची जड फळे वरून पडतात, तेव्हा त्याच्या सावलीत चटई टाकू नये.

हे सारे वाचून कोणी अंगणातली झाडे तोडायला निघू नये. जास्वंद, मोगरा, गुलाब यांनी भरलेल्या अंगणात भिण्यासारखे काही नाही. कण्हेरही राहू द्या. मात्र घरात रांगते मूल असेल तर बिट्टी, एरंड आणि धोतरा काही वर्षे अंगणाबाहेर ठेवणे शहाणपणाचे. मुलांना झाडांची भीती घालू नका, त्यांची नावे शिकवा. ज्या मुलाला बिट्टी ओळखता येते, ते ती हातात घेईल, खेळेल, पण तोंडात घालणार नाही, आणि धाकट्या भावंडालाही घालू देणार नाही.