खाजकुयलीपासून जपा

साताऱ्याचे डोंगर असोत की शिराळ्याकडचे, मोत्याला घेऊन लांब फिरताना हिवाळ्यात मी एका वेलीपासून दूरच राहतो. ती खाजकुयली. तिच्या मखमली, तपकिरी शेंगांवरची बारीक कुसळे त्वचेत रुततात आणि त्यांतील म्युक्युनेन या प्रथिनामुळे भयंकर खाज सुटते. चोळू नये; कुसळे आणखी रुततात. चिकटपट्टीने ती उचलून काढावीत, मग साबण लावून धुवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावे. बियांत कंपवातावरचे लेव्होडोपा असते खरे, पण त्या परस्पर खाऊ नयेत. कुत्र्याच्या केसांत अडकून कुसळे घरात येतात, पोरांच्या हाताला लागतात. म्हणून मोत्याला मी हातमोजे घालून अंगणातच धुतो.