रोजच्या रस्त्याचे दफ्तर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमधील जुनी घरे, अंगणे आणि दुकानांच्या पाट्या एकामागून एक नामशेष होत असताना, युजेन आत्जे नावाचा गृहस्थ लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचपट्ट्यांचे ओझे वाहत, बहुधा पहाटेच, वर्दळीपूर्वी बाहेर पडे. आणि हा परिपाठ त्याने सुमारे ३० वर्षे चालविला. आपण कलावंतांसाठी दस्तऐवज तयार करतो, एवढेच तो म्हणे. १९२७ साली तो निवर्तल्यावर बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्या संग्रहाचा मोठा भाग वाचविला, हे तिचे आपणा सर्वांवर ऋणच आहे.

आज मोबाइलमुळे ओझे उरले नाही, पण नेम तितकाच दुष्कर आहे. नावीन्याचा हव्यास हा त्याचा पहिला शत्रू, असे मला वाटते. मुंबईच्या गिरणगावातली तीच भिंत, तोच नाका, ठरावीक वेळी निरखीत राहिल्यास, दक्षिणायनात उन्हाची तिरीप कोणत्या पायरीवर उतरते आणि पावसाळी प्रकाशात ओला दगड कसा गडद होतो, हे डोळ्यांना आपोआप कळू लागते. मात्र प्रत्येक छायाचित्राची तारीख व ठिकाण त्याच दिवशी टिपून ठेवावे. नोंदीवाचून मोठा संग्रहही पुढे वाचता येत नाही.