चाकाची नक्षी नको, खूण पाहा

गाडीला अलॉय चाके बसवताना प्रश्न पडतो: नामांकित कंपनीची घ्यावीत की तशीच दिसणारी स्वस्त नक्कल? मंडळी, नक्षीची नक्कल सोपी असते, ताकदीची नव्हे. आपल्या कारंजा-मालेगाव भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगात दगडावर आदळले, तर ओतकामात पोकळी राहिलेले चाक तडकू शकते. पोलादी रिम बहुधा वाकते. म्हणून चाकावर आय.एस.आय. चिन्ह आणि भारक्षमतेचा आकडा शोधा. आकडा गाडीच्या वजनाला पुरेल का आणि नटांची भोके नेमकी जुळतात का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. या खुणा असलेले साधे चाकही चालेल. खुणाच नसतील, तर पैसे साठेपर्यंत गाडीसोबत आलेली पोलादी रिमच ठेवा.